इंग्रजीतले मदतनीस शब्द आणि आम्ही शोधलेले नियम

बालमित्रांनो, इंग्रजी म्हटले की पुष्कळ मुलांच्या पोटात गोळा येतो. पण इंग्रजीत नऊ शब्द असे आहेत की ते एकदा कळले म्हणजे निम्मी भीती पळते. ते शब्द म्हणजे कॅन, कुड, मे, माइट, शाल, शुड, विल, वुड आणि मस्ट. व्याकरणात त्यांना 'मोडल ऑक्झिलरी' असे मोठे नाव आहे. आम्ही वर्गात त्यांना मदतनीस म्हणतो. ह्या मदतनिसांचे नियम आम्हाला कुणी पाठ करायला दिले नाहीत. ते आम्ही स्वतः शोधून काढले. कसे शोधले आणि काय सापडले, ते ह्या लेखात सांगते.

मदतनीस म्हणजे काय?

बैलगाडी आपण रोज बघतो. गाडी ओढायचे काम बैल करतो. पण जायचे, थांबायचे की वळायचे, हे कासरा सांगतो. वाक्यातही तसेच असते. मुख्य क्रियापद हा बैल आणि मदतनीस हा कासरा. 'स्विम' म्हणजे पोहणे. नुसते 'स्विम' म्हटले तर पोहण्याचे काम कळते. पण पोहता येते, पोहायला परवानगी आहे, पोहले पाहिजे की पोहण्याचा संभव आहे, हे मदतनीस सांगतो.

आपल्या मराठीतही हे सगळे आहे. आपण म्हणतो, मला पोहता येते. मी पोहू शकते. मी पोहू का? मी पोहायला पाहिजे. मला पोहावे लागते. म्हणजे हे विचार आपल्या डोक्यात आधीपासूनच आहेत. फक्त त्यांची इंग्रजी नावे शिकायची आहेत.

बाईंनी नियम सांगितलाच नाही

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. माझ्या आजोबांच्या वेळी ते पाचवीपासून होते. आजोबा सांगतात, त्यांना गुरुजी फळ्यावर नियम लिहून द्यायचे, मुले तो वहीत उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायची. घरी अभ्यासाला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असायची. आजोबांना ते नियम अजून पाठ आहेत.

आमच्या बाईंनी उलटे केले. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे वाक्ये लिहून त्याच्या पट्ट्या कापल्या. आमचे पाच गट केले आणि प्रत्येक गटाला पट्ट्यांचा एक गठ्ठा दिला. मग त्या म्हणाल्या, "मी नियम सांगणार नाही. मी फक्त प्रश्न विचारणार. उत्तर पट्ट्यांतच लपलंय. बघा सापडतंय का."

ह्या पद्धतीला मार्गदर्शित शोध म्हणतात, असे बाईंनी नंतर सांगितले. म्हणजे वाट मुलांनी शोधायची, पण वळणावर बाई उभ्या असतात. नुसते सोडून दिले तर मुले भरकटतील आणि बोट धरून नेले तर वाट ध्यानात राहणार नाही. म्हणून दोन्हीच्या मधला हा मार्ग.

पहिला शोध : मदतनीस बदलत नाही

आमच्या गटाला ह्या चार पट्ट्या मिळाल्या.

आय स्विम.
शी स्विम्स.
आय कॅन स्विम.
शी कॅन स्विम.

बाईंचा प्रश्न होता, "शी आली की स्विमला काय होतं? आणि कॅन असला की काय होतं?"

आम्ही पट्ट्या एकाखाली एक लावल्या. 'शी' आली की 'स्विम'ला शेवटी 'स' लागतो. पण कॅन असला की तो 'स' कुठेच दिसत नाही. स्विमलाही नाही आणि कॅनलाही नाही. शेजारच्या गटातल्या एका मुलीने 'शी कॅन्स स्विम' असे म्हणून पाहिले. बाई चूक म्हणाल्या नाहीत. त्यांनी तिला आणखी सहा पट्ट्या दिल्या आणि म्हणाल्या, "ह्यात कुठं कॅन्स दिसतो का बघ बरं." तिने सगळ्या चाळल्या आणि स्वतःच म्हणाली, "नाही बाई, कुठंच नाही." मग तिनेच नियम सांगितला : कर्ता कोणीही असो, मदतनीस तसाच राहतो.

मित्रांनो, इथे मराठीपेक्षा इंग्रजी सोपी आहे! आपण म्हणतो, मी शकतो, ती शकते, तू शकतोस, ते शकतात. कितीतरी रूपे. इंग्रजीत सगळ्यांना एकच कॅन. पण थांबा. मराठीतही एक गंमत आहे. मला पोहता येते. तिला पोहता येते. त्यांना पोहता येते. इथे 'येते' बदलले का? नाही. मला जावे लागते, तिला जावे लागते, सगळ्यांना जावे लागते. इथेही 'लागते' तसेच. जिथे माणसाला 'ला' किंवा 'ना' लागतो तिथे आपलेही क्रियापद माणसाप्रमाणे बदलत नाही. ही गोष्ट आम्हाला इंग्रजी शिकताना कळली. आपल्याच भाषेकडे आम्ही आधी कधी असे नीट पाहिले नव्हते.

आणखी चार शोध

दुसऱ्या गटाकडे 'शी वॉन्ट्स टू स्विम' आणि 'शी कॅन स्विम' अशा पट्ट्या होत्या. त्यांना सापडले की मदतनिसाच्या मागून 'टू' येत नाही. मदतनीस आणि क्रियापद एकमेकांना चिकटून उभे राहतात.

तिसऱ्या गटाकडे प्रश्न होते. 'डज शी स्विम?' ह्या प्रश्नात 'डज' बाहेरून आणावा लागतो. पण 'कॅन शी स्विम?' ह्यात बाहेरून कोणी येत नाही. 'शी कॅन'चे 'कॅन शी' केले की प्रश्न तयार. दोघांनी फक्त जागा बदलल्या, खो-खोत खेळाडू जागा बदलतात तशा.

चौथ्या गटाकडे नकार होते. 'शी डज नॉट स्विम' ह्यातही 'डज' आहे. पण मदतनीस असला तर त्याच्या पाठीमागे नुसते 'नॉट' ठेवायचे. शुड नॉट, मस्ट नॉट, विल नॉट. कॅन आणि नॉट मात्र बहुतेक वेळा जोडूनच लिहितात.

पाचव्या गटाचा शोध मला सर्वांत आवडला. त्यांना बाईंनी विचारले, "उद्या मी पोहू शकेन, हे इंग्रजीत कसं म्हणाल?" एकजण म्हणाला, 'आय विल कॅन स्विम'. बाईंनी त्यांना पट्ट्यांमध्ये दोन मदतनीस शेजारी शेजारी शोधायला सांगितले. एकही जोडी सापडली नाही! एका वाक्यात एका क्रियापदामागे एकच मदतनीस उभा राहतो. एका बैलाला दोन माणसांनी दोन कासरे लावून कसे चालेल? अशा वेळी 'आय विल बी एबल टू स्विम' असे म्हणतात. आणि आपली मराठी बघा. 'शकेन' ह्या एका शब्दातच शक्तीही आली आणि उद्याही आला.

पट्ट्यांत लपलेला चोर

बाईंनी प्रत्येक गठ्ठ्यात एक पट्टी मुद्दाम घातली होती. 'शी हॅज टू गो.' म्हणजे तिला जावे लागते. अर्थ अगदी 'मस्ट'सारखा. बाई म्हणाल्या, "हा मदतनिसांच्या घरातला आहे की पाहुणा आहे, ते सांगा."

आम्ही आमचे नियम एकेक करून लावले. 'आय हॅव टू' असते, पण शी आली की 'हॅज टू' होते. म्हणजे बदलतो. मागून 'टू' येतो. प्रश्नात 'डज शी हॅव टू गो?' असा बाहेरून डज आणावा लागतो. तिन्ही नियमांत नापास! मग सगळा वर्ग ओरडला, "पाहुणा, पाहुणा!"

ह्यावरून एक गोष्ट कळली. अर्थ सारखा असला म्हणजे जात एक असते असे नाही. शब्द कोणत्या घरातला हे त्याच्या वागण्यावरून ओळखायचे. पण हा पाहुणा कामाचा आहे. मस्टला भूतकाळाचे रूप नाही. 'काल मला जावे लागले' असे म्हणायचे तर ह्या पाहुण्यालाच बोलवावे लागते. 'आय हॅड टू गो.'

बाईंनी असेही सांगितले की 'ऑट टू' नावाचा एक शब्द आहे. तो कर्त्याप्रमाणे बदलत नाही, त्याला 'डज'ही लागत नाही, पण मागे 'टू' मात्र लावतो. त्याला आम्ही सावत्र भाऊ म्हणतो.

एक शब्द, अनेक अर्थ

आता अर्थाकडे वळू. एकच मदतनीस निरनिराळी कामे करतो. 'मे आय कम इन?' ह्यात परवानगी आहे. 'इट मे रेन' ह्यात शक्यता आहे, पाऊस पडण्याचा संभव आहे. 'मे गॉड ब्लेस यू' ह्यात इच्छा आहे, देव तुझे भले करो. एक 'मे' आणि तीन कामे!

मी म्हटले, हे फार अवघड आहे. तेव्हा बाईंनी फळ्यावर मराठी वाक्ये लिहिली. मुलांनी रोज अभ्यास करावा. आता पाऊस पडावा. आज पाहुणे यावेत असे वाटते. ज्याला पोहता येते त्यानेच पाण्यात उतरावे. पहिल्या वाक्यात कर्तव्य आहे, दुसऱ्यात इच्छा, तिसऱ्यात अंदाज आणि चौथ्यात योग्यता. क्रियापदाचे रूप एकाच तऱ्हेचे आणि अर्थ चार! मराठी व्याकरणात ह्याला विध्यर्थ म्हणतात. म्हणजे मराठी मुलांना ही गोष्ट नवी नाहीच. आपण ती जन्मापासून बोलतो.

कॅन आणि मे यांत फरक काय?

कॅन म्हणजे अंगात शक्ती किंवा कला असणे. मे म्हणजे परवानगी असणे. आज बोलताना पुष्कळ लोक परवानगीसाठीही कॅन वापरतात आणि ते चालते. पण दोन्ही अर्थ वेगळे आहेत, हे विसरायचे नाही. बाईंनी त्यासाठी शेजारच्या सातारा जिल्ह्यातलीच खरी गोष्ट सांगितली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर लहानपणी साताऱ्यात राहत होते. ७ नोव्हेंबर १९०० ह्या दिवशी त्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातले. तीच आताची प्रतापसिंह हायस्कूल. म्हणून ७ नोव्हेंबर हा दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. तिथे ते इंग्रजी पहिलीत बसले. पण त्यांना वर्गात इतरांबरोबर बसू देत नसत. घरून आणलेल्या गोणपाटावर कोपऱ्यात बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायची बंदी होती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळायचे.

१९०१ साली ते घरच्या इतर मुलांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. बरोबर पैसे होते. अंगावर चांगले कपडे होते. पण त्यांची जात कळल्यावर कोणी गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून ही मुले निघाली. वाटेत त्यांना कोणी पाणी दिले नाही. रात्र तशीच काढली. ही हकिकत बाबासाहेबांनी पुढे स्वतः इंग्रजीत लिहिली. त्या लेखनाचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'.

बाईंनी विचारले, "मुलांनो, ती मुलं पाणी पिऊ शकत होती का?" आम्ही म्हणालो, "हो." "मग का प्याली नाहीत?" वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा मुलगा हळूच म्हणाला, "कॅन होतं, मे नव्हतं."

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरोबर. आणि ते मे कुणाच्या हातात असायला नको होतं. पाणी सगळ्यांचं असतं." १९०१ साली बाबासाहेब दहा वर्षांचे होते. मीही दहा वर्षांची आहे. कॅन आणि मे यांतला फरक मी आता कधीच विसरणार नाही.

माइट, मे, विल आणि मस्ट : पुराची शिडी

आमचे गाव सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. कराडला प्रीतिसंगमावर तिला कोयना मिळते. कोयनेवर मोठे धरण आहे. त्यात १०५.२५ अब्ज घनफूट पाणी मावते. वर सातारा जिल्ह्यात पाऊस झाला आणि धरणातून पाणी सोडले की खाली आमच्याकडे नदी फुगते. सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाण्याची उंची मोजतात. तिथे ४० फुटांना इशारा पातळी आहे आणि ४५ फुटांना धोका पातळी.

पावसाळ्यात आमच्याकडे रोज एकच प्रश्न असतो. पाणी येणार का? ह्या प्रश्नाची उत्तरे आम्ही मदतनिसांत मांडली आणि त्याची एक शिडी तयार झाली.

पहिली पायरी माइट. 'वॉटर माइट कम.' आले तर येईल, पण भरवसा थोडा.
दुसरी पायरी मे. 'वॉटर मे कम.' येऊ शकते.
तिसरी पायरी विल. 'वॉटर विल कम.' येणार, नक्की.

ही झाली पाण्याची बाजू. आता माणसांची बाजू.

'वी शुड पॅक.' आपण सामान बांधून ठेवावे. हा सल्ला आहे.
'वी मस्ट गो.' आपण गेलेच पाहिजे. ह्यात दुसरा विचार नाही.

हवामान खाते रंग वापरते ते तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे कृती करा. आम्ही वर्गात पिवळ्यावर मे लिहिले, नारिंगीवर शुड लिहिले आणि लालवर मस्ट लिहिले. ही मांडणी आमची आहे, खात्याची नव्हे. पण त्यामुळे रंगही ध्यानात राहिले आणि शब्दही.

हे मी घरी आजीला सांगितले. आजी शाळेत गेली नाही. पण ती लगेच म्हणाली, "आगं, हे तर आमाला पुरानं शिकिवलं." मग तिने २०१९ चा पूर सांगितला. मी तेव्हा फार लहान होते. २००५ साली जिथवर पाणी आले होते तिथे लोकांनी भिंतीवर खूण केली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी वाढू लागले तेव्हा गल्लीतली पुष्कळ माणसे त्या खुणेकडे बोट दाखवून म्हणत होती, "ह्येच्या वर येणार न्हाई." पाणी त्याच्या वर आले. आयर्विन पुलाजवळ ते ५७ फुटांच्याही वर गेले. आमची माणसे गच्चीवरून होडीने बाहेर काढली. गोठ्यातली दोन जनावरे गेली. आजी ते सांगताना अजूनही डोळ्याला पदर लावते.

ती म्हणाली, "येणार न्हाई आन् येऊ शकतंय, ह्यात लई फरक हाय लेकरा. येऊ शकतंय म्हणणारी माणसं आदीच निघाली. त्येंची जनावरं बी वाचली."

दुसऱ्या दिवशी मी आजीचे हे बोलणे वर्गात सांगितले. 'विल नॉट' आणि 'मे' यांतला फरक आजीने जसा सांगितला तसा कोणत्याच पट्टीवर नव्हता. बाईंनी आजीचे वाक्य फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिले आणि ते आठवडाभर पुसू दिले नाही. २०२१ सालीही जुलै महिन्यात पूर आला. तेव्हा आमच्या घरची माणसे आणि जनावरे दोन दिवस आधीच माळावरच्या पाहुण्यांकडे गेली होती.

मस्ट नॉट आणि नीड नॉट

मस्ट म्हणजे केलेच पाहिजे. मग मस्ट नॉट म्हणजे काय? आमच्यातल्या पुष्कळांना वाटले, 'करायची गरज नाही' असा अर्थ असेल. बाईंनी एक चित्र दाखवले. ते साताऱ्याजवळच्या कास पठाराचे होते. हे पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ सालापासून आहे. पावसाळा संपत आला की तिथे नाना रंगांची रानफुले उमलतात. बाईंनी चित्राखाली वाक्य लिहिले, 'यू मस्ट नॉट प्लक द फ्लॉवर्स.' आणि विचारले, "इथं फुलं तोडायची गरज नाही असं म्हणायचंय, की तोडू नयेत असं?"

सगळे म्हणाले, "तोडू नयेत!" म्हणजे मस्ट नॉट ही बंदी आहे. 'करावे' ह्याच्या उलट आपण 'करू नये' म्हणतो, तेच हे. आणि गरज नाही असे सांगायचे तर 'यू नीड नॉट' म्हणायचे. विहिरीत मोटर सोडली असेल तर पाणी शेंदायची गरज नाही, हे नीड नॉट. मोटरच्या उघड्या वायरला हात लावू नये, हे मस्ट नॉट. ह्या दोन्हीत गोंधळ झाला तर जीवावर बेतेल.

शब्दांच्या जुन्या गोष्टी

आता थोडी गंमत. कॅन ह्या शब्दाचा फार जुना अर्थ 'जाणणे' असा होता. ज्याला एखादी गोष्ट ठाऊक, त्याला ती जमते. इंग्रजीतला नो म्हणजे जाणणे, हा त्याचा भाऊ आहे. आणि संस्कृतातला ज्ञा हाही त्याच कुळातला. आपला 'जाणणे' हा शब्द त्या ज्ञापासूनच आला. म्हणजे कॅन आणि आपला जाण हे लांबचे नातेवाईक झाले!

शुड, वुड आणि कुड या तिघांत एल हे अक्षर लिहितात, पण बोलत नाहीत. शुड आणि वुडमध्ये एल पूर्वी बोलला जायचा. कुडमध्ये तो मुळात नव्हताच. शेजारच्या दोघांचे बघून तो कुडमध्ये शिरला. माणसे एकमेकांचे बघून करतात, तसे शब्दही करतात.

आजोबांनी पाठ केलेला एक नियम होता. आय आणि वी असले की शाल, बाकीच्यांना विल. आता बोलण्यात सगळीकडे विलच जास्त असतो. शाल बहुधा विचारताना येतो. 'शाल आय ओपन द डोअर?' म्हणजे मी दार उघडू का? मी आजोबांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हंजे आमचं शाल आता कपाटात गेलं म्हणायचं!"

शोधून शिकण्यात काय फायदा?

बाईंनी एकाच तासात नियम सांगितले असते तर आमचे चार दिवस वाचले असते, असे कोणाला वाटेल. पण आता आमच्या वर्गात 'शी कॅन्स' कोणी म्हणत नाही. कारण नियम कुठून आला हे आम्हाला ठाऊक आहे. विसरला तरी चार वाक्ये एकाखाली एक लिहून तो पुन्हा काढता येतो. पाठ केलेले विसरले की संपले.

दुसरा फायदा असा की जी मुले वर्गात कधी बोलत नव्हती तीही बोलू लागली. कारण बाई उत्तर मागत नव्हत्या, 'तुला काय दिसतंय' असे विचारत होत्या. दिसते ते सांगायला कशाची भीती?

पुढच्या वर्षी आम्ही पाचवीत मोठ्या शाळेत जाऊ. तिथे शहरातली मुले असतील. त्यांना आमच्यापेक्षा जास्त इंग्रजी येत असेल. माझ्या मैत्रिणीला त्याची धास्ती वाटत होती. परवा ती मला म्हणाली, "येत नसलं तर नसू दे. शोधून काढू." मला ते पटले.

तुम्हीही करून पाहा

मित्रांनो, खालच्या रिकाम्या जागी योग्य मदतनीस भरा. आधी मराठीत अर्थ म्हणून बघा, म्हणजे सोपे जाईल.

१. फिश ...... स्विम. मासे पोहू शकतात.
२. ...... आय ड्रिंक वॉटर, सर? सर, मी पाणी पिऊ का?
३. यू ...... नॉट टच द वायर. वायरला हात लावू नये.
४. वी ...... हेल्प ग्रँडमदर. आपण आजीला मदत करावी.
५. इट ...... रेन टुडे. आज पाऊस पडू शकतो.
६. शी ...... कम टुमॉरो. ती उद्या येईल.

उत्तरे ह्या कागदाच्या मागच्या बाजूला आहेत, पण आधी स्वतः शोधा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या शाळेत आता कोणाला विचारावे लागत नाही. तहान लागली की सरळ उठायचे आणि माठातले पाणी प्यायचे. असा आमच्या वर्गाचा नियम आहे.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा